शेकर भंगारात काढण्याआधी : आमच्या फार्मसी कॉलेजच्या संचालक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेल्या परिपत्रकाचा फोटो मला एका माजी विद्यार्थिनीने पाठवला. येत्या शैक्षणिक वर्षापासून फिजिकल फार्मास्युटिक्सची, म्हणजे औषधांचे विरघळणे-वितळणे असे भौतिक गुणधर्म मोजण्याची प्रयोगशाळा बंद होऊन तिथे ४० संगणकांचा एआय कक्ष होणार आहे. अभ्यासक्रमातली प्रॅक्टिकल्स शेजारच्या छोट्या खोलीत, तपासणी समितीला दाखवण्यापुरती उरतील. अंतिम वर्षाचे प्रकल्प फक्त संगणकावर होतील. शेकर (फ्लास्क सतत हलवत ठेवणारे यंत्र), यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून द्रवातले औषध मोजणारे यंत्र), वितळणबिंदूची दोन यंत्रे, सहा भांड्यांचे डिसोल्यूशन यंत्र (गोळी किती वेळात विरघळते हे बघणारे), या सगळ्याचे निर्लेखन होईल, म्हणजे ते भंगारात निघेल. कारण एकाच वाक्यात दिले आहे : औषधांचे भौतिक गुणधर्म आता मशीन लर्निंगने वर्तवता येतात, त्यामुळे ते मोजण्याची सोय ठेवण्याची आवश्यकता उरलेली नाही.

त्या प्रयोगशाळेत मी २४ वर्षे शिकवले. मागच्या वर्षी निवृत्त झाले. हे परिपत्रक वाचल्यावर मी आपल्याला पोस्टाने पत्र पाठवले, भेटीची वेळ मागितली. तीन आठवडे उत्तराची वाट पाहिली. आता सर्वांसमोर लिहिते आहे. कागल, गडहिंग्लज, शिरोळहून रोज एसटीने येणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हे कळायला हवे असे मला वाटते, कारण फी ते भरतात.

मी संगणकाच्या विरोधात लिहिते आहे असा समज कृपया करून घेऊ नये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या दोन विद्यार्थ्यांनी मला फोनवरून पायथन शिकवले. रेणूची रचना एका ओळीत अक्षरांनी कशी लिहायची, आरडीकिट नावाच्या मोफत साधनाने त्या ओळीतून रेणूचे वजन, त्यातले हायड्रोजन बंध देणारे-घेणारे अणू, वर्तुळे कशी मोजायची, आणि ते सगळे रँडम फॉरेस्टसारख्या मशीन लर्निंगच्या पद्धतीला देऊन विद्राव्यतेचा, म्हणजे औषध पाण्यात किती विरघळते याचा, अंदाज कसा काढायचा, हे मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकले. पहिला अंदाज पडद्यावर आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप येईना, इतका आनंद झाला होता. अजून तयारच न केलेल्या हजार रेणूंपैकी कोणते पन्नास करून बघावेत, हे ठरवायला या पद्धतीसारखे दुसरे साधन नाही. हा कक्ष व्हावा, जरूर व्हावा. तो प्रयोगशाळेच्या जागी होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्याची कारणे मी खाली मांडते आहे.

पहिली तक्रार परिपत्रकातल्या त्या एका वाक्याविषयी. मॉडेल, म्हणजे मशीन लर्निंगने तयार केलेली अंदाज सांगणारी संगणक प्रणाली, आकडे शिकते कुठून? कुणीतरी मोजलेल्या आकड्यांवरून. पाण्यातल्या विद्राव्यतेसाठी जगभर शिकवायला वापरला जाणारा एक संच २००४ मधल्या कामातून आला. त्याच्या आज प्रचलित असलेल्या रूपात १,१२८ संयुगे आहेत. २०१९ मध्ये नऊ वेगवेगळे संच एकत्र करून, दुबार नोंदी काढून जो मोठा संच तयार झाला, त्यात दहा हजारांच्या आसपास संयुगे आहेत. फोनवर मराठीत उत्तर देणारी यंत्रे अब्जावधी शब्द वाचून शिकतात. इथे या मोठ्या संचाची पुंजीही दहा हजार ओळींची. त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणाचे तरी दोन दिवस : औषध जास्तीचे घालून फ्लास्क २५ अंशांना शेकरवर लावायचा, २४ ते ४८ तास हलू द्यायचा, तळाशी न विरघळलेली पूड उरली आहे ना हे बघायचे, गाळायचे, पातळ करायचे, यूव्हीवर शोषण मोजायचे, आणि हे सगळे तीनदा. आमच्या प्रयोगशाळेतले मामा रात्री घरी जाण्याआधी शेकरच्या पाण्याची पातळी बघून जायचे. वीज गेली तर सकाळी आल्यावर पहिली गोष्ट तीच सांगायचे, म्हणजे ते रीडिंग धरायचे नाही हे आम्हाला कळायचे. मॉडेलच्या खाली ही माणसे आहेत. सगळीच कॉलेजे मोजणे सोडून देऊ लागली तर अकरा हजारावी ओळ कोण लिहिणार?

दुसरी तक्रार अशी की, अंदाज किती चुकतो हे आपल्याला कुणी सांगितलेले दिसत नाही. मी दोन ओळखीची औषधे घेऊन सांगते. विद्राव्यतेचे एक जुने, साधे, सर्वमान्य समीकरण आहे. अर्ध्यातून वितळणबिंदू आणि २५ यांतल्या फरकाचा शंभरावा भाग वजा करायचा, मग तेलकटपणाचा लॉग (लॉगॅरिदम, म्हणजे दहाचा कितवा घात), म्हणजे ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव आणि पाणी यांत औषध कसे वाटले जाते त्याचा आकडा वजा करायचा. उरतो तो मोलमधल्या (मोल हे रेणू मोजण्याचे एकक) विद्राव्यतेचा लॉग. आयब्युप्रोफेन ७६ अंशांच्या आसपास वितळते, त्याचा तेलकटपणाचा लॉग चारच्या जवळ. समीकरण सांगते की लिटरभर पाण्यात साधारण २१ मिलिग्रॅम विरघळेल. शुद्ध पाण्यात मोजलेला आकडाही तेवढाच आहे. अगदी नेमका बाण. आता पॅरासिटामॉल घ्या. वितळणबिंदू १६९, तेलकटपणाचा लॉग अर्ध्याच्या किंचित खाली. समीकरण म्हणते सहा ग्रॅम. प्रत्यक्षात २५ अंशांना १५ ग्रॅमच्या आसपास विरघळते. अडीचपट चूक, आणि तीही घरोघरी असलेल्या गोळीबाबत. पहिला अंदाज बरोबर आणि दुसरा चूक, हे समीकरणाकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. ते फ्लास्क सांगतो.

आजची मॉडेल्स या समीकरणापेक्षा हुशार आहेत हे खरे. पण समीकरणाला निदान वितळणबिंदू मोजून द्यावा लागतो, मॉडेलला बहुधा तोही रचनेवरून ओळखायला सांगतात, आणि वितळणबिंदूच्या अंदाजात तीस-चाळीस अंश इकडेतिकडे होणे नेहमीचे आहे. शिवाय एकाच औषधाचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी छापलेले आकडे ताडून बघितले तर अर्ध्या लॉगहून जास्त फरक सापडतो. अर्धा लॉग म्हणजे तिप्पट. शिकवणारेच आकडे असे असताना शिकणाऱ्याकडून किती अपेक्षा ठेवायची? २००८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शंभर औषधांची विद्राव्यता एकाच पद्धतीने, एकाच तापमानाला काळजीपूर्वक मोजून जाहीर केली आणि आणखी ३२ औषधांचे आकडे झाकून ठेवून जगाला आव्हान दिले : अंदाज सांगा. वेगवेगळ्या पद्धतींनी उत्तरे आली. कुठलीही एक पद्धत बाकीच्यांच्या पुढे निघून गेली नाही. त्या आव्हानाचा सगळा आधार प्रयोगशाळेत मोजलेल्या १३२ आकड्यांचा होता, याकडे मी आपले लक्ष वेधते.

तिसरी तक्रार मला सर्वात जास्त दुखते, कारण ती विद्यार्थ्यांविषयी आहे.

निवृत्त होण्याआधी माझ्याकडे तपासायला एक प्रकल्प आला. पंधरा औषधे, रेणूच्या आकृतीवरून काढलेले काही निर्देशांक, आणि त्यांवरून उत्कलनांक, प्रज्वलनांक, बाष्पीभवनाची ऊर्जा यांचे भाकीत. जुळणी ०.९८ (१ म्हणजे पूर्ण जुळणी). मुलगा हुशार, मेहनती, गडहिंग्लजकडचा. मी त्याला विचारले, ॲस्पिरिनचा उत्कलनांक किती लिहिला आहेस? ३२१ अंश. मी म्हटले, बाळा, ॲस्पिरिन १३५ च्या आसपास वितळते आणि १४० च्या पुढे मोडायलाच लागते. ३२१ अंशांना उकळलेले ॲस्पिरिन कुणी पाहिले? तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, वेबसाइटवर हाय की ओ." खरेच होते. त्या पानावर आकड्याच्या वर स्पष्ट लिहिले होते की हा आकडा अमुक संगणक प्रणालीने वर्तवलेला आहे. म्हणजे एका संगणकाने रचनेवरून आकडा काढला, तो आकडा सत्य धरून आपल्या मुलाने दुसऱ्या संगणकाला रचनेवरून तोच आकडा काढायला शिकवले, आणि दोघांचे जुळले. न जुळून जाईल कुठे?

या विद्येची सुरुवात अशी नव्हती. १९४७ मध्ये हॅरी वीनर यांनी रेणूच्या आकृतीतली अंतरे मोजून हायड्रोकार्बनांचे उत्कलनांक सांगून दाखवले. ते द्रव खरोखर उकळतात, आणि ताडून बघायचे आकडे कुणीतरी तापमापी धरून घेतलेले होते. आम्ही ती पद्धत उचलली आणि तापमापी खाली ठेवला.

त्या मुलाचा दोष नाही. त्याने आयुष्यात ॲस्पिरिन तापवून पाहिलेले नव्हते. कारण ते प्रॅक्टिकल त्याच्या वर्षी "वेळेअभावी" फळ्यावर झाले होते. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने काचनळीत पूड भरली, ती पिवळसर होऊन बुडबुडे येताना पाहिले, ती ३२१ हा आकडा बघून थबकते. हे थबकणे पुस्तकातून येत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षे एक नियम होता : मनाने रीडिंग लिहिलेले सापडले तर पूर्ण बॅचने प्रॅक्टिकल पुन्हा करायचे. मुले रडकुंडीला यायची. एकदा एप्रिलमध्ये एक मुलगी पॅरासिटामॉलची वही घेऊन आली, "मॅडम, सतरा येतंय ओ, पुस्तकात पंधरा हाय. पंधराच लिहू का?" मी तिला पाण्यातला तापमापी बघायला लावला. तीस अंश. त्या तापमानाला सतराच बरोबर होते. आज ती गोव्यात एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे, आणि आकडा जुळला नाही तर आधी तापमान विचारते, असे तिनेच मला सांगितले.

चौथी गोष्ट स्फटिकांची, आणि इथे माझे घर येते.

माझ्या वडिलांना फिट्स यायच्या. ते वर्षानुवर्षे कार्बामॅझेपिन घेत. आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. आषाढात भिंतींना ओल यायची. गोळ्यांची उघडी बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात असायची, कारण सकाळी पूजेनंतर गोळी हा त्यांचा नेम होता. एका पावसाळ्यात महिनाभरात त्यांना तीनदा फिट आली. एकही गोळी चुकली नव्हती. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. मी तेव्हा बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला काहीच कळले नाही. पुढे शिकवायला लागल्यावर वाचले की कार्बामॅझेपिन हवेतला ओलावा ओढून घेते, पाण्याचे रेणू स्फटिकात सामावून त्याचे दुसरे रूप बनते, गोळी कडक होते आणि पोटात नीट विरघळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. बाबांच्या बाबतीत तेच झाले का, हे आता सिद्ध करता येणार नाही. पण तेव्हापासून दर जुलैमध्ये मी वर्गात कार्बामॅझेपिनच्या दोन गोळ्या न्यायचे. एक बंद पाकिटातली, एक आठवडाभर खिडकीत ठेवलेली. दोन्ही डिसोल्यूशन यंत्रात सोडायचे आणि मुलांना घड्याळ लावायला सांगायचे. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, आत ती दोन भांडी. कुणाला समजावून सांगावे लागत नसे.

रेणूच्या एका ओळीतल्या अक्षरांत हे काहीच लिहिलेले नसते. कोरडी गोळी आणि ओली गोळी यांतल्या औषधाची ओळ एकच, म्हणून मॉडेलचे उत्तरही एकच. रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचे उदाहरण जगाला माहीत आहे. १९९६ मध्ये ते बाजारात आले. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या, कारण त्याच रेणूचे आधी न दिसलेले, कमी विरघळणारे स्फटिकरूप कारखान्यात अवतरले होते. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रोजच्या गोळीवर जगणाऱ्या माणसांना कडू द्रवरूप औषधावर दिवस काढावे लागले. हा बिघाड पकडला तो आपण निर्लेखनाच्या यादीत घातले आहे तसल्याच डिसोल्यूशन यंत्राच्या चाचणीने.

पाचवी तक्रार थोडक्यात. हा निर्णय घेताना विषय शिकवणाऱ्या एकाही शिक्षकाला विचारले गेले नाही. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात विद्राव्यता, पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा), बेंझोइक ॲसिडचा विभाजन गुणांक, पृष्ठताण ही प्रॅक्टिकल्स आहेतच. ती "तपासणीपुरती" करायची असे लेखी ठरवणे मला, एक शिक्षिका म्हणून, सहन होत नाही.

आपल्यापैकी बरेच जण स्वतः कारखान्याला ऊस घालतात. उसाच्या उताऱ्याचा अंदाज आता उपग्रहावरूनही काढतात आणि त्याचा उपयोग होतो, तोडणीचे नियोजन त्यावर करता येते. पण म्हणून उद्या कुणी म्हणाले की वजनकाटा काढून टाकू, गाडीचे वजन अंदाजाने धरू, तर आपण ऐकून घ्याल का? काट्यात थोडा फरक निघाला तरी या जिल्ह्यात गाड्या अडतात, आणि ते योग्यच आहे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांनाही विचारा. ओतकाम कसे भरेल हे ते संगणकावर आधी बघतात, आणि तरीही ओतण्यापूर्वी वितळलेल्या धातूच्या रसाचा नमुना काढून तपासतात. शेतकऱ्याच्या उसाला आणि पंपाच्या बॉडीला आपण जी काळजी लावतो, ती रोग्याच्या गोळीला लावावी, एवढीच माझी विनंती आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. उपकरणांचे निर्लेखन ताबडतोब थांबवावे आणि प्रयोगशाळा आहे त्या जागी चालू ठेवावी. एआय कक्ष दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या वाचनालयात करावा, ती खोली तीन वर्षे कुलूपबंद आहे. संगणकावरच्या प्रत्येक प्रकल्पात किमान पाच औषधांचा गुणधर्म विद्यार्थ्याने स्वतः मोजावा. मॉडेलचा अंदाज आधी कागदावर लिहून, मार्गदर्शकाच्या सहीने पाकिटात बंद करावा आणि मोजल्यानंतर उघडावा. प्रकल्पाच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला की वर्तवलेला, आणि कोणत्या तापमानाला, हे लिहिणे सक्तीचे करावे. आणि अंतिम निर्णयाआधी विषयशिक्षकांची, मामांचीही, एक बैठक घ्यावी.

आणखी एक. प्रयोगशाळेच्या कपाटात १७ रजिस्टरे आहेत. त्यांत २४ वर्षांच्या बॅचेसची रीडिंग्ज आहेत, तारीख आणि पाण्याच्या तापमानासह. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा मामांनी आणि मी यंत्रांच्या आधी ती रजिस्टरे वर नेली होती. एकाच बेंझोइक ॲसिडची इतक्या वर्षांची, इतक्या हातांची रीडिंग्ज एका ठिकाणी असणे ही साधी गोष्ट नाही. मोजमापात चूक किती आणि कशी पडते हे मॉडेलला शिकवायला याहून चांगली सामग्री आपल्याला विकत मिळणार नाही. परिपत्रकात "जुने अभिलेख" रद्दीत काढण्याचा उल्लेख आहे. त्यांत ही रजिस्टरे असतील तर कृपया ती वगळावीत. नव्या कक्षातल्या मुलांनी ती संगणकावर चढवावीत आणि सर्वांसाठी खुली ठेवावीत. हे काम मी विनामानधन करून घेईन.

निर्लेखनाची यादी जूनच्या बैठकीत मंडळापुढे येणार असे कळते. त्याआधी आपण एक सकाळ प्रयोगशाळेत यावे. औषध आपण निवडा, फक्त दोन दिवस आधी कळवा, म्हणजे मामा आणि मी सहा फ्लास्क शेकरवर लावून ठेवू. माझे ते दोन विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतील. मॉडेलचा आकडा आधी फळ्यावर लिहू, मग आपल्यासमोर गाळू आणि यूव्हीवर मोजू.

आपली,
फिजिकल फार्मास्युटिक्सची निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर